शाळेचा एकही कागद नसलेल्या मुलीला शिक्षिका होता येईल का?

चेंबूरकर बाई:
नमस्कार. आम्ही चार-पाच जण चेंबूरमध्ये दर रविवारी सकाळी इंग्रजी-मराठीचे विनामूल्य वर्ग घेतो. गेल्या दीड वर्षापासून तिथे काबूलहून आलेली एक तरुणी येते. ऑगस्ट २०२१ मध्ये सत्तापालट झाला तेव्हा ती अकरावीत होती. त्यानंतर तिकडे मुलींच्या माध्यमिक शाळा उघडल्या नाहीत आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारेही मुलींना बंद झाली. तिच्याकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे कार्ड आहे, पण गुणपत्रिका किंवा दाखला असे काहीच नाही. ‘तझकिरा’ नावाचे तिकडचे ओळखपत्र आहे, त्यावरही जन्मतारीख नसून ‘सन १३९५ मध्ये वय १२’ (तिकडच्या सौर कालगणनेतले १३९५, म्हणजे इसवी सन २०१६-१७) एवढीच नोंद आहे, त्यामुळे अर्जात जन्मतारखेचा रकाना आला की ती पेन खाली ठेवते.

तिला शिक्षिका व्हायचे आहे. मागच्या महिन्यात आमच्याकडच्या एका मुलाला अपूर्णांक काही केल्या समजत नव्हते, तेव्हा तिने स्वतःच्या डब्यातली चपाती काढून तिचे आठ तुकडे केले आणि त्यातले तीन त्याच्यासमोर ठेवले. मी २६ वर्षे शिकवले आहे, तरी मला हे सुचले नसते. तिने सुरुवात नेमकी कुठून करावी?

निवृत्त कार्यालय अधीक्षक:
बाई, काबूलचे कागद मिळवण्याच्या मागे लागू नका. महाविद्यालयाच्या प्रवेश खिडकीवर मी आयुष्य काढले आहे, त्या अनुभवावरून सांगतो की अर्धवट कागदांपेक्षा नवा, स्वच्छ कागद लवकर पुढे सरकतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, दहावीला बसण्यासाठी आधीचा दाखला नसला तरी आपले पुरेसे शिक्षण झाले आहे असे स्वयंघोषणापत्र चालते आणि वयाची किमान अट १४ वर्षांची आहे. अकरावीपर्यंत शिकलेल्या मुलीला पुन्हा दहावी द्यायला सांगणे जिवावर येते हे खरे, पण दहावी आणि बारावी इथलीच असली की पुढे समकक्षतेचा प्रश्न उरत नाही. ओळखीचा पुरावा म्हणून काय चालेल, हे मात्र अर्ज भरण्याआधी त्यांच्याकडून लेखी विचारून घ्या आणि जन्मतारीख सगळीकडे एकच लिहा. मी पाहिलेल्या घोळांपैकी निम्मे तरी तिथेच झाले.

त्यानंतर पदवी, मग दोन वर्षांचे बी.एड. आणि त्याच्या जोडीला शिक्षक पात्रता परीक्षा, असा नेहमीचा रस्ता आहे. ही परीक्षा १५० गुणांची असते आणि खुल्या प्रवर्गात ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. पदवीच्या खर्चासाठी जर्मन सरकारच्या पैशातून १९९२ पासून चालत आलेल्या, निर्वासित विद्यार्थ्यांसाठीच्या डाफी शिष्यवृत्तीची चौकशी उच्चायुक्तालयाकडेच करा.

उल्हासनगरचा नातू:
वरचा सल्ला योग्यच आहे. माझ्या आजोबांची गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. ते १९४७ च्या अखेरीस कराचीहून बोटीने मुंबईला आले आणि कल्याणच्या लष्करी छावणीत पोहोचले. तीच छावणी १९४९ मध्ये उल्हासनगर झाली. त्यांच्याकडेही एक कागद नव्हता. पण सिंधमधल्या शाळा-महाविद्यालयांच्या परीक्षा १९४७ पर्यंत मुंबई विद्यापीठच घेत असे, त्यामुळे कराचीत दिलेल्या मॅट्रिकची नोंद फोर्टातल्या दप्तरात होती. शाळेचे नाव आणि परीक्षेचे वर्ष सांगून त्यांनी दुसरी प्रत मिळवली. ती मिळेपर्यंत ते बराकीत शिकवतच होते. दोन वर्गांमध्ये गोणपाट टांगलेले असे आणि पलीकडचे पाढे अलीकडे ऐकू येत. त्यांना सिंधीची ५२ अक्षरे अरबी लिपीत येत होती, देवनागरी येत नव्हती. म्हणून दिवसा मुलांना शिकवायचे आणि रात्री स्वतः बाराखडी गिरवायची. पुढे जयहिंद महाविद्यालयातून ते बी.ए. झाले. हे महाविद्यालय कराचीच्या डी. जे. सिंध महाविद्यालयातून विस्थापित होऊन आलेल्या प्राध्यापकांनीच १९४८ मध्ये काढले होते. मग बी.टी., म्हणजे तेव्हाचे बी.एड., केले आणि निवृत्तीपर्यंत शाळेतच राहिले.

मुलीला कागद मिळेपर्यंत थांबवू नका, वर्ग देऊन टाका, एवढेच म्हणायचे आहे.

दादरचा वाचक:
गोष्ट हृद्य आहे, पण तुलना पुरती जुळत नाही. आपल्या आजोबांसारख्या, १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन इथेच राहिलेल्या लोकांना राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने नागरिक मानले. त्यांचे दप्तर इथे होते आणि देशही त्यांना आपले म्हणत होता. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे या मुलीचे कार्ड संरक्षणापुरते उपयोगी पडते, नोकरीचा हक्क देत नाही. सरकारी शाळेची आशा आज तरी धरू नये. दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळाला तर खासगी क्षेत्रात काम करता येते, म्हणून व्हिसाचा अर्ज आणि दहावीचा अर्ज एकाच आठवड्यात करावेत. सात-आठ वर्षांचा अभ्यास पुरा झाल्यावर ही अडचण कळणे फार क्रूर ठरेल, तेव्हा तिला हे आताच स्पष्ट सांगा.

चेंबूरकर बाई:
सर्वांचे आभार. काल तिला सगळे सांगितले, व्हिसाचेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एनआयओएसच्या दहावीच्या विषयांची यादी वाचताना तिचे बोट भाषांपाशी थांबले, कारण तिथे फारसी होती आणि तिची दारी भाषा म्हणजे अफगाणिस्तानातली फारसीच. गणित, फारसी आणि इंग्रजी हे तीन विषय तिने तिथल्या तिथे ठरवले. उरलेल्या दोनांवर आमचा वाद चालू आहे. पुढच्या रविवारपासून तिसरी-चौथीच्या मुलांचे गणित तीच घेणार आहे.