मंगळवारचे मालासादे: पीठ सैल ठेवा, वरून मैदा घालू नका

[९:०२] नीलिमाकाकू, ए-२०२: ग्लोरियाताई, येत्या १७ तारखेला खाली मालासादे (यीस्टच्या पिठाचा तळून साखरेत घोळवलेला पोर्तुगीज गोड पदार्थ) करायचं ठरलंय. ४८ नग लागतील. प्रमाण टाका ना, ग्रॅममध्ये. वाटीचं प्रमाण नको, प्रत्येकीची वाटी वेगळी.

[९:१५] ग्लोरियाताई, बी-१०१: एका वेळच्या पिठाचं देते, ६० ग्रॅमचे १६ नग होतात.
मैदा ५००, साखर ८०, मीठ ८, इन्स्टंट यीस्ट ७, अंडी फोडून १५० (मध्यम आकाराची ३ ते ४), कोमट दूध २००, लोणी ६०, दोन लिंबांची किसलेली साल. साल वरवरचीच किसायची, पांढरा भाग आला की कडवट लागतं.
४८ साठी हे तीनदा, पण तीन वेगवेगळ्या भांड्यांत. कारण नंतर सांगते.

[९:१८] प्रथमेश, सी-४०३: १७ तारीखच का?

[९:२१] ग्लोरियाताई, बी-१०१: यंदा (२०२६) १८ फेब्रुवारीला राखेचा बुधवार, ख्रिस्ती उपासकाळाची सुरुवात. त्याआधी घरातली चरबी, साखर, अंडी संपवायची, म्हणून पोर्तुगालच्या अझोरेस बेटांवर आदल्या मंगळवारी मालासादे तळतात. १८७८ पासून मादेइरा (पोर्तुगालचंच दुसरं बेट) आणि अझोरेसचे मजूर उसाच्या मळ्यांवर काम करायला हवाईला गेले, तिकडेही तेव्हापासून हाच दिवस. १९५२ मध्ये सुरू झालेली होनोलुलूची लेनर्ड्स बेकरी हेच विकते. मात्र हवाईचा मालासादा गोल गोळा असतो, अझोरेसचा हाताने ताणलेला चपटा, मधे पातळ आणि कडेला जाड. आपण अझोरेसचा करू, मधे कच्चा राहत नाही.

[९:२४] चेअरमन, ए-५०१: कृपया पार्किंगबाबत आजची नोटीस वाचावी.

[९:३१] नीलिमाकाकू, ए-२०२: ताई, या प्रमाणाने पीठ फारच सैल होतंय. पोळीच्या कणकेसारखं व्हायला मैदा वाढवू का?

[९:३८] ग्लोरियाताई, बी-१०१: नाही! सगळी चूक तिथेच होते. पीठ बोटांना चिकटायलाच हवं. मूठभर मैदा घातला की हाताला बरं वाटतं, पण तळल्यावर पावाचा घट्ट गोळा मिळतो. चिकटपणा मळल्याने जातो, मैद्याने नव्हे. परातीत पीठ उचलायचं, ओढायचं, आपटायचं आणि दुमडायचं. १२ ते १५ मिनिटं. पहिली पाच मिनिटं सगळा हात बरबटतो. आठव्या-नवव्या मिनिटाला पीठ परातीचा तळ सोडायला लागतं. लोणी तेव्हा घालायचं, मऊ केलेलं, तीन वेळा थोडं थोडं. सुरुवातीलाच घातलं तर मैद्याला स्निग्धाचा लेप बसतो आणि चिवटपणा यायला फार वेळ लागतो.
झालं की नाही हे बघायला लिंबाएवढा गोळा घ्या, ओल्या बोटांनी हळूहळू पसरवा. न फाटता पलीकडचा उजेड दिसेल इतका पडदा आला की बस.

[९:४४] शिंदेकाका, सी-२०४: दूध किती गरम? पाव करताना यीस्ट मरतं ते दुधामुळेच.

[९:४७] ग्लोरियाताई, बी-१०१: ३५ ते ३८ अंश, मनगटावर थेंब टाकला तर गरम-गार काहीच जाणवू नये. ५५ च्या पुढे गेलं की यीस्ट गेलंच. साधं ड्राय यीस्ट असेल तर ९ ग्रॅम आणि आधी दुधात १० मिनिटं भिजवायचं, वर फेस आला नाही तर ते मेलेलं आहे, पुढे मैदा फुकट घालवू नका. बेकरीतून ताजं यीस्ट मिळालं तर २१ ग्रॅम.

[९:५८] नीलिमाकाकू, ए-२०२: आणि फुगायला किती वेळ? दोन तास चालतील?

[१०:०९] ग्लोरियाताई, बी-१०१: घड्याळ बघू नका, पीठ बघा. सध्याच्या हवेत दुप्पट व्हायला सव्वा ते दीड तास लागतो, मे महिन्यात ४५ मिनिटांत होतं. बोट टोचून बघायचं. खड्डा झटकन भरला तर अजून वेळ द्या. हळूहळू अर्धा भरला तर तयार. अजिबात भरला नाही आणि भोवतीचं पीठ बसलं तर जास्त झालं. जास्त फुगलेल्या पिठाला आंबूस वास येतो आणि तळून बाहेर काढलं की मालासादा सुरकुततो.
म्हणून तीन भांडी म्हणाले. कढईत एका घाण्यात तीनच मावतात. ४८ म्हणजे १६ घाणे. एका घाण्याला ४ मिनिटं, शिवाय तेल पुन्हा तापायला एक, म्हणजे ८० मिनिटं. सगळं पीठ एकदम फुगवलं तर शेवटचे घाणे बिघडणारच. पहिलं भांडं बाहेर फुगवा, दुसरं-तिसरं फ्रीजमध्ये. गार पिठाला पुढे जास्त वेळ लागतो, म्हणून पहिला घाणा पडायच्या साधारण दीड तास आधी दुसरं काढा आणि त्यानंतर अर्ध्या तासाने तिसरं.

[१०:१३] प्रथमेश, सी-४०३: फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलं तर?

[१०:१५] ग्लोरियाताई, बी-१०१: १० ते १२ तास उत्तम. चवही बरी येते आणि गार पीठ हाताळायला सोपं पडतं.

[१०:२२] मेघना, बी-३०२: आकार देताना फुगलेलं पीठ बसतं, त्याचं काय करायचं?

[१०:३४] ग्लोरियाताई, बी-१०१: हाताला लोणी चोपडा, ६० ग्रॅमचा तुकडा तोडा, लाटू नका. कडा जाड ठेवून मधला भाग अंगठ्यांनी ताणत १० सेंमीची चकती करा. ती १२ सेंमीच्या चौकोनी बेकिंग पेपरवर ठेवा, वर ओलसर पण पिळलेलं फडकं, ३० ते ४० मिनिटं. मग चकती उचलायची नाही, कागदासकट अलगद तेलात सोडायची. १०-१५ सेकंदांत कागद आपोआप सुटतो, चिमट्याने ओढून काढायचा. फुगलेल्या पिठाला बोट लागलं की तिथली हवा गेली आणि तिथे तेल शिरलं.

[१०:३७] शिंदेकाका, सी-२०४: तेल कोणतं? वड्याचं तळण उरलंय आमच्याकडे.

[१०:३९] ग्लोरियाताई, बी-१०१: काका, ते भज्यांना वापरा 🙏 इथे लिंबाच्या सालीचा वास टिकला पाहिजे. ताजं रिफाइंड तेल, दीड लिटर, खोली किमान ५ सेंमी. तापमान १७० ते १८०. थर्मामीटर नसेल तर पावाचा दीड सेंमीचा तुकडा टाका, साधारण मिनिटभरात सोनेरी झाला तर बरोबर. १५ सेकंदांत काळा पडला तर तेल फार तापलंय, बाहेरून करपेल आणि आत लगदा राहील. नुसताच बुडबुडत बसला तर थंड आहे, मालासादा तेल पिईल.
एका बाजूला दीड ते दोन मिनिटं. एकदाच उलटायचा. कडेला फिकट पट्टा राहिला तर ती खूण चांगली, नीट फुगून तो तेलावर तरंगला असं समजा.

[१०:४६] मेघना, बी-३०२: साखर पिठी की साधी?

[१०:४८] ग्लोरियाताई, बी-१०१: साधी, बारीक दाण्याची, दातांखाली कचकन आली पाहिजे. १०० ग्रॅमला एक चहाचा चमचा दालचिनी, नसली तरी चालेल. जाळीवर एखादं मिनिट निथळवून मग घोळवा. लगेच घोळवलं तर साखर विरघळते, गार झाल्यावर घोळवलं तर चिकटत नाही. मादेइरात साखरेऐवजी उसाचा पाक ओततात. आपली कोल्हापूरची काकवी त्याला अगदी शोभेल.

[१०:५५] विनीताताई, ए-१०३: म्हणजे आपल्या फुगियांचाच (तळलेल्या गोल पावांचाच) प्रकार?

[११:०१] ग्लोरियाताई, बी-१०१: मादेइराचा प्रकार तसाच वाटतो, पीठ अजून पातळ आणि मुठीतून पिळून तेलात सोडायचं. वसईची फुगिया पण मुठीतूनच सुटते, फक्त तिच्यात नारळाचं दूध, साखर कमी आणि पूर्वी यीस्टऐवजी ताडी. ती सोरपोतेलबरोबर (डुकराच्या मांसाचं मसालेदार कालवण) जाते. मालासादा मात्र कॉफीबरोबर खायचा.

[११:०६] नीलिमाकाकू, ए-२०२: आमच्या मजल्यावर चारजण अंडं खात नाहीत.

[११:१२] ग्लोरियाताई, बी-१०१: त्यांच्यासाठी वेगळं भांडं आणि वेगळी कढई. अंड्यांऐवजी १०० ग्रॅम घट्ट दही, दूध ४० मिली जास्त, लोणी २० ग्रॅम जास्त. रंग फिकट येतो आणि दोन तासांत कोरडे पडतात, तेव्हा ते शेवटी तळा. अंड्यांमुळे येणारी पिवळट मऊ जाळी मात्र दह्याने येत नाही, आधीच सांगून ठेवते.

[११:१६] प्रथमेश, सी-४०३: उरले तर फ्रीजमध्ये ठेवू?

[११:१८] ग्लोरियाताई, बी-१०१: फ्रीजमध्ये चामट होतात. बाहेर झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये १५० वर ५ मिनिटं. मायक्रोवेव्ह नको, साखरेचा चिकट पाक होतो.

[११:२०] शिंदेकाका, सी-२०४: उरतील कुठून? यादीत नावं ६१ आहेत आणि नग ४८.

[११:२१] नीलिमाकाकू, ए-२०२: चौथं भांडं लावते 😄