मदत हवी आहे: मॉरिशसला प्रायव्हेट कॅटामरान घ्यावी का?

नमस्कार मंडळी, ऑगस्टमध्ये आम्ही आठ जण मॉरिशसला चाललोय, त्यात सासूबाई ७१ वर्षांच्या आणि धाकटा ४ वर्षांचा, आणि नवऱ्याच्या डोक्यात एकच खूळ की एक दिवस अख्खी कॅटामरान, म्हणजे ती जोड-बुडांची शिडाची बोट, आपल्यालाच बुक करायची. दोन रूट सांगतायत, पूर्वेला इल ओ सेर्फ बेट, ग्रँड रिव्हर साउथ ईस्टच्या धबधब्यासकट, नाहीतर पश्चिमेला डॉल्फिन बघत इल ओ बेनिटिए बेट आणि समुद्रातला क्रिस्टल रॉक हा खडक. ऑगस्ट म्हणजे तिकडचा हिवाळा, आग्नेयेकडून वारा सुटतो म्हणे, म्हणून मला पश्चिमच बरी वाटते, पण ज्यांनी त्या दिवसांत केलंय त्यांनी सांगा ना.

खाली दोन बुडं असतात म्हणून ही बोट कमी डुलते हे ऐकलंय, पण मी मांडव्याच्या लाँचवर ओकलेली बाई आहे 😅 ॲव्होमिन आदल्या रात्री घ्यायची की निघताना? बोटीच्या पुढे बसायला ताणलेली जाळी असते, तिच्यावर लहान पोराला बसवतात का, त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळतं का, की इथूनच न्यायचं? टॉयलेट बरं असतं का? आणि सासूबाईंना शिडीने चढउतार जमेल का, गुडघे दुखतात त्यांचे.

जेवणात बार्बेक्यू, मासे, चिकन. आमच्यात तिघं शुद्ध शाकाहारी, एकाच जाळीवर भाजतात का हो? नाहीतर ठेपले नेतेच.

इतरांबरोबरच्या शेअरिंग बोटीपेक्षा प्रायव्हेटचा खर्च बराच महाग पडतोय, खरंच तेवढा फरक जाणवतो का? ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी प्लीज लिहा, आगाऊ पैसे शुक्रवारपर्यंत भरायचेत.