जुगार परवाना समितीसाठी हितसंबंधांचे नियम : मसुद्यात काय राहून जातं?

रेघोटी
कॅसिनो आणि ऑनलाइन बेटिंगला परवाने देणाऱ्या प्राधिकरणाच्या आचारनियमांचा मसुदा तपासायला घेतला आहे. सदस्य ५, कर्मचारी साधारण ४०. हितसंबंधांबद्दल त्यात तीनच वाक्यं आहेत : परवानाधारक कंपनीचे शेअर बाळगू नयेत, वर्षातून एकदा घोषणापत्र द्यावं, आणि संबंध असलेल्या विषयावर मतदान करू नये.

हे फारच तोकडं वाटतंय. अडलेले मुद्दे असे : म्युच्युअल फंडातून अप्रत्यक्षपणे आलेले शेअर धरायचे का? सदस्याचा मेहुणा कॅसिनोत नाही, पण कॅसिनोला स्लॉट मशीन पुरवणाऱ्या कंपनीत आहे, तर? कर्मचाऱ्याने सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने बेटिंग केलं तर त्यावर आक्षेप घेता येतो का? आणि नोकरी सोडून याच उद्योगात जाणाऱ्यांना किती काळ थांबवावं? लाचेचा कायदा वेगळा आहे, तो या चर्चेत नको.

पारदर्शी
लाच बाजूला ठेवलीत ते बरं केलंत. हितसंबंधांचा नियम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो आणि तो पूर्ण प्रामाणिक माणसालाही लागू होतो. ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या २००३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हितसंबंधांच्या संघर्षाचे तीन प्रकार धरलेत : प्रत्यक्ष असलेला, लोकांना तसा दिसणारा आणि पुढे उद्भवू शकणारा. तुमचं तिसरं वाक्य यातल्या फक्त पहिल्यापाशी थांबतं.

सगळ्यात मोठं भोक 'परवानाधारक' या शब्दात आहे. परवाना मिळेपर्यंत कोणीच परवानाधारक नसतो, आणि समितीचा निर्णय नेमका त्याच काळात व्हायचा असतो. म्हणून 'अर्जदार' हा शब्द आधी घाला. मग पालक कंपनी, उपकंपन्या, मशीन आणि सॉफ्टवेअर पुरवठादार, यंत्रं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळा, कर्ज देणारे. जागेचा मालक तर हमखास सुटतो. भाडं ठरावीक रकमेचं असेल तर एक वेळ ठीक, पण ते उलाढालीच्या टक्क्यांत ठरलं असेल तर तो मालक कॅसिनोचा भागीदारच झाला. ऑनलाइन बेटिंगमध्ये ग्राहक आणून देणाऱ्या जाहिरात संकेतस्थळांचंही तसंच, कारण त्यांना पुष्कळदा खेळाडूच्या तोट्यातला वाटा मिळतो.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचं उदाहरण नीट अभ्यासण्यासारखं आहे. अटलांटिक सिटीत १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला आणि १९८० मध्ये, ॲबस्कॅम या एफबीआयने रचलेल्या लाचेच्या सापळ्यातल्या आरोपांनंतर, कॅसिनो नियंत्रण आयोगाच्या उपाध्यक्षाला पद सोडावं लागलं. १९८१ मध्ये कायदा कडक झाला. बंदीच्या कक्षेत आयोगाबाहेरचे अनेक सरकारी अधिकारी आणि त्यांचे जवळचे कुटुंबीय आले, आणि त्यात परवानाधारकाच्या जोडीला अर्जदारही स्पष्ट लिहिलेला आहे.

आता शेअर. "१ टक्क्यापर्यंत चालेल" अशी मर्यादा कृपया घालू नका. मोठ्या कंपनीचा १ टक्का ही एखाद्याची आयुष्यभराची मिळकत असू शकते. हितसंबंध मोजायचा तो त्या माणसाच्या संपत्तीच्या मानाने, कंपनीच्या भांडवलाच्या मानाने मोजला की गल्लत होते. नियामकासाठी थेट शेअर शून्यच हवेत. सर्वसाधारण म्युच्युअल फंडाला सूट द्या, कारण काय घ्यायचं ते गुंतवणूकदार ठरवत नाही. मात्र पर्यटन-मनोरंजन-जुगार अशा एकाच क्षेत्रातला फंड असेल तर सूट नको. जोडीदाराला नोकरीत मिळालेले स्टॉक ऑप्शन (ठरलेल्या किमतीत पुढे शेअर घेण्याचा हक्क), अगदी अजून हाती न आलेलेही, धरायचेच.

शेअर काढून टाकायला मुदत द्यावी लागते. कॅनडाच्या कायद्यात नियुक्तीपासून १२० दिवस आहेत : विकून टाका किंवा ब्लाइंड ट्रस्टकडे सोपवा, म्हणजे मालकाला न विचारता-सांगता व्यवहार करणाऱ्या स्वतंत्र ट्रस्टीकडे. जुगाराच्या बाबतीत मी फक्त विक्रीच ठेवेन. ट्रस्टी ते शेअर विकेपर्यंत आत काय ठेवलंय हे अधिकाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. आणि बायकोच्या किंवा नवऱ्याच्या नावावर करणं म्हणजे विक्री नव्हे, हे वाक्य मसुद्यात शब्दशः लिहा.

मेहुण्यासाठी दोन वर्तुळं आखा. आतल्यात जोडीदार, अवलंबून असलेली मुलं आणि एकाच घरात राहणारे इतर. त्यांना अधिकाऱ्याइतकीच बंदी. बाहेरच्यात आईवडील, भावंडं, सासरची माणसं. मेहुण्याला नोकरी सोड म्हणून कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे तिथे बंदी टिकणार नाही. अधिकाऱ्याने माहीत असलेलं घोषित करायचं आणि त्या विषयातून बाजूला व्हायचं. तुमच्या उदाहरणात मेहुणा हिशेब विभागात असेल तर पुरवठादाराच्या मान्यतेपुरतं बाजूला होणं पुरेल. त्याला प्रत्येक मशीनमागे कमिशन मिळत असेल, तर ती मशीन घेणाऱ्या कॅसिनोची फाइलही त्या सदस्याकडे जाता कामा नये.

निशिगंध
बेटिंगच्या मुद्द्याबद्दल लिहिते. इतर खात्यांत ती खासगी बाब असेल, नियामकाच्या बाबतीत नाही. कॅसिनोत किंवा ॲपवर खातं उघडलं की उधारीची मर्यादा, मोफत बेट, व्हीआयपी वागणूक या गोष्टी मागोमाग येतात. भेटवस्तूंचा नियम कितीही कडक असला तरी या सवलती 'भेटवस्तू' या शब्दात मावत नाहीत, त्यांचा वेगळा उल्लेख हवा. त्याहून गंभीर बाब म्हणजे अधिकारी किती हरलाय हे कंपनीला पैशापैशाने ठाऊक असतं. जिला तपासायचं तिच्याच हातात आपली नस.

न्यू जर्सीत आयोगाचे सदस्य आणि कर्मचारी कामाचा भाग म्हणून सोडलं तर परवाना असलेल्या ठिकाणी खेळू शकत नाहीत. सिंगापूरने २०१३ मध्ये दोन पातळ्या केल्या. ज्यांच्या कामाचा कॅसिनोशी थेट संबंध आहे त्यांना कामाशिवाय तिथे जायलाच मनाई. बाकी सरकारी नोकरांनी महिन्यात ४ पेक्षा जास्त वेळा गेल्यास किंवा वार्षिक प्रवेशपास घेतल्यास ७ दिवसांत कळवायचं. तुमच्या ४० कर्मचाऱ्यांना पहिली पातळी लावा. रुजू झाल्यापासून ३० दिवसांत खाती बंद, शिल्लक काढून घेतलेली, आणि बंद केल्याचा पुरावा हितसंबंधांच्या नोंदवहीत.

माझी एक कळकळीची विनंती आहे. घोषणापत्रातून एखाद्याचं व्यसन उघड झालं तर ती माहिती शिस्तभंगाच्या फाइलमध्ये टाकू नका. उपचाराचा मार्ग वेगळा ठेवा. पहिल्याच माणसाला शिक्षा झाली की पुढचा कोणीही खरं लिहिणार नाही.

आणि माहितीवर पैसे लावणं वेगळं लिहा. ब्रिटनमध्ये २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तारखेवर लागलेल्या बेटांची चौकशी झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये जुगार कायदा २००५ च्या कलम ४२ खाली, म्हणजे फसवणुकीच्या कलमाखाली, १५ जणांवर आरोप ठेवले गेले. तिथे प्रश्न परवान्यांचा नव्हताच, आतल्या माहितीचा होता. म्हणून पदामुळे कळलेल्या कोणत्याही गोष्टीवर स्वतः बेट लावायची नाही आणि दुसऱ्याला सांगायचीही नाही, असे दोन्ही भाग हवेत.

रेघोटी
दोघांचेही आभार, 'अर्जदार' हा शब्द खरंच सुटला होता. आणखी एक : ५ पैकी २ सदस्य बाजूला झाले तर गणपूर्तीचं, म्हणजे बैठकीला लागणाऱ्या किमान सदस्यसंख्येचं, काय? आणि बाजूला व्हायचं ते नेमकं कधीपासून?

कार्यवृत्त
फाइल आल्या दिवसापासून. मतदानाच्या वेळी हात खाली ठेवणं म्हणजे बाजूला होणं नव्हे. तोवर अटी ठरलेल्या असतात, तपासणीचा सूर लागलेला असतो, आणि त्यात त्या सदस्याचा हात असतो.

चालणारी पद्धत अशी. बैठकीच्या निदान ७ कामकाजाच्या दिवसांआधी विषयपत्रिका जाते, तिच्यात अर्जदारासोबत पालक कंपनी, संचालक आणि प्रमुख पुरवठादारांची नावं असतात. नुसतं ब्रँडचं नाव दिलं तर सदस्याला आपला संबंध ओळखूच येत नाही. प्रत्येकाने लेखी उत्तर द्यायचं, "संबंध नाही" असलं तरी. सचिव ते नोंदवहीशी ताडून पाहतो. संबंध निघाला की त्या सदस्याला कागदपत्रं जाणं बंद, संगणकावरची फाइलही बंद. बैठकीत तो विषय आला की खोलीबाहेर. गप्प बसून राहिला तरी इतरांची जीभ अडखळतेच. इतिवृत्तात नाव, संबंधाचं स्वरूप, बाहेर गेल्याची आणि परतल्याची वेळ.

बिघडतं कुठे? अध्यक्ष बाजूला होतो आणि त्या विषयापुरतं अध्यक्षस्थानी कोण हे जाताजाता तोच ठरवतो. किंवा टिपणी लिहिणारा कर्मचारी त्याच्याच हाताखालचा असतो. ज्येष्ठतेनुसार पर्यायी अध्यक्ष आधीच ठरलेला असू द्या, आणि त्या फाइलपुरता कर्मचारी थेट सचिवाला उत्तरदायी करा.

गणपूर्तीत बाजूला झालेला सदस्य मोजू नका. ५ मध्ये गणपूर्ती ३ असेल तर दोघे गेल्यावर कसंबसं भागेल, तिसरा गेला की ठप्प. म्हणून २ पर्यायी सदस्य आधीच नेमा, त्यांची घोषणापत्रंही घेऊन ठेवा. "इलाज नाही, म्हणून बसू द्या" ही वाट शेवटची, आणि ती लेखी कारणांसह जाहीर करूनच. कोणी वर्षात तीनदा बाजूला झाला तर तो त्या पदासाठी योग्य आहे का, याचा आढावा घ्या.

वार्षिक घोषणापत्र अपुरं आहे. बदल झाला की १४ दिवसांत कळवणं सक्तीचं करा. तपासणारा अधिकारी समितीबाहेरचा हवा. नुसती जमा झालेली घोषणापत्रं कपाटात पडून राहतात.

पारदर्शी
राहिला नोकरीनंतरचा मुद्दा. न्यू जर्सीत आयोगाच्या सदस्यांना ४ वर्षं. भ्रष्टाचारविरोधी संयुक्त राष्ट्र कराराचं कलम १२ फक्त 'वाजवी कालावधी' म्हणतं, आकडा देत नाही. बंदी जबाबदारीनुसार ठेवा. कारकुनाला ४ वर्षं अडवलंत तर न्यायालयात टिकणं कठीण. मात्र स्वतः हाताळलेल्या फाइलवर कंपनीच्या बाजूने कधीच उभं राहता येणार नाही, ही अट सगळ्यांना सारखी.

बंदी चुकवायचा नेहमीचा रस्ता म्हणजे सल्लागार संस्था किंवा वकिलांचं कार्यालय : पगार तिथून, काम कॅसिनोचं. 'कोणाकडून पगार' याऐवजी 'कोणासाठी काम' असे शब्द वापरा. नोकरीची बोलणी सुरू होताच ३ दिवसांत कळवणं आणि त्या कंपनीच्या फाइलपासून दूर होणं हेही घाला, प्रस्ताव नाकारला असला तरी.

उलट दिशाही विसरू नका. उद्योगातून समितीत येणाऱ्याने जुन्या मालकाच्या विषयांतून निदान २ वर्षं बाजूला राहावं. त्याला तिकडून बोनस किंवा निवृत्तिवेतन अजून यायचं असेल आणि ती रक्कम कंपनीच्या नफ्यावर ठरणार असेल, तर शेवटचा हप्ता मिळेपर्यंत तो हितसंबंध चालूच समजा. नियुक्तीआधीच्या घोषणापत्रात त्यासाठी वेगळा रकाना ठेवा.