राणीच्या बागेत जिओकॅशिंग: परवानगी मिळावी का?

रानवाट: माझ्या मते मिळावी. खेळ माहीत नसलेल्यांसाठी: कुणीतरी डबी लपवून तिचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो. बाकीचे जीपीएसवर ती शोधतात, आतल्या वहीत सही करतात आणि डबी परत होती तिथेच ठेवतात. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ओरेगॉनमध्ये पहिली डबी लपवली गेली. भायखळ्याची ही बाग १८६२ ची. उर्वशी, गोरखचिंच, कैलासपती अशी झाडं एकाच आवारात, आणि लोक पेंग्विन बघून थेट गेटबाहेर! पोरांना झाडापाशी थांबवायला निमित्त तर हवं.

माळीबुवा: त्या थांबण्याचीच तर भीती आहे. दाट पानांखाली फोनचा जीपीएस सहज चुकतो. मग शोधणारे बुंध्याभोवती घिरट्या घालतात, ढोलीत हात घालतात, साल उचकटतात. झाडाची पाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात. तिथली माती तुडवून घट्ट झाली की हवा आणि पाणी खाली उतरत नाही. झाड हळूहळू खंगतं, म्हणून दोष कुणावरच येत नाही. उर्वशी तर मूळची म्यानमारची, आधीच नाजूक.

रानवाट: खेळाचे नियमच सांगतात की डबी पुरायची नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही, जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची. खिळे ठोकतात ते क्लासच्या जाहिरातवाले. त्यांना आधी धरा.

भायखळेकर: परवानगी देणार कोण, हो? स्टेशनवर दिवसभर बेवारस वस्तूंना हात लावू नका म्हणून सांगतात आणि तुम्ही झुडपात डबा ठेवून वर चोरासारखे इकडेतिकडे बघणार. एखाद्याने पोलिसांना फोन केला की बॉम्बशोधक पथक हजर आणि बाग रिकामी.

दिशादर्शक: बागेत डबी ठेवायचीच कशाला? मल्टी-कॅश करा, म्हणजे टप्प्याटप्प्याने शोधायचा खेळ. मधल्या टप्प्यांवर फक्त आकडे गोळा करायचे असतात. ससून घड्याळाचा मनोरा, घारापुरीचा दगडी हत्ती, १९६५ मध्ये फोर्टातून हलवलेला मूळ काळा घोडा पुतळा, सगळं तिथेच आहे. फलक वाचायचे, आकड्यांवरून शेवटचा बिंदू काढायचा आणि डबी बागेबाहेर एखाद्या ओळखीच्या दुकानात. मुळांवर पाय पडत नाही, पोलीसही येत नाहीत.

रानवाट: हा तर गृहपाठ झाला. आणि यात झाड कुठे आलं? हत्ती-घोडे लोक तसेही बघतात.

दिशादर्शक: झाडांनाही नावांच्या पाट्या आहेत की. वाटेवरून वाचता येतील तेवढ्याच घ्या.

माळीबुवा: वाटेवरून असेल तर माझी हरकत नाही, पण उर्वशी त्यातही नको. आणि मुंबईच्या पावसात डबीतल्या वहीचा लगदा होतो, ती बदलणार कोण? लपवणारा नोकरीसाठी पुण्याला गेला की मागे उरतो तो प्लास्टिकचा कचरा, आणि तो उचलायला माळीच लागतो.