अभियांत्रिकी अभ्यासक्रमातील सांस्कृतिक पूर्वग्रह कसा दूर करावा?

प्रश्न:
यंत्र अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाच्या फेररचनेचे काम सध्या माझ्याकडे आहे. ‘समाज आणि तंत्रज्ञान’ असा दोन श्रेयांकांचा स्वतंत्र विषय घातला की सांस्कृतिक पूर्वग्रहाचा प्रश्न सुटेल, असे समितीतील बहुतेकांचे मत आहे. मला ते पटत नाही. कारण पूर्वग्रह सूत्रांत नसला, तरी कोणते उदाहरण सोडवायला द्यायचे आणि त्यात काय गृहीत धरायचे, या निवडीत तो शिरतोच. मूळ विषयांच्या अध्यापनातच बदल कसा करावा?

प्रतिसाद १:
आपली शंका रास्त आहे. मोटारींच्या धडक-चाचणीत वापरला जाणारा ‘हायब्रिड ३’ हा पुतळा १९७६ मध्ये आला, तो सुमारे ७८ किलो वजनाच्या मध्यम अमेरिकी पुरुषाच्या मापाचा. अमेरिकेतील अपघातांच्या नोंदींवर आधारित २०११च्या एका अभ्यासात, तशाच अपघातात पट्टा लावलेल्या स्त्री-चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषांपेक्षा ४७ टक्क्यांनी अधिक आढळली. मी आसनपट्ट्याच्या उदाहरणातील ‘दिलेली माहिती’ या ओळीतून वजन आणि उंची काढून टाकली आणि शरीर कोणाचे, हे विद्यार्थ्यांनीच कारणासह ठरवावे, अशी अट घातली. पहिल्या वर्षी जवळजवळ सर्वांनी विचार न करता पुरुषच धरला. असे का झाले, यावर पूर्ण तास चर्चा झाली आणि बलांचे गणितही नेहमीपेक्षा अधिक काळजीपूर्वक झाले.

प्रतिसाद २:
कल्पना उत्तम आहे, परंतु एकच अचूक उत्तर नसलेला प्रश्न शेकडो उत्तरपत्रिकांत तपासायचा कसा? गृहीतकासाठी वेगळे गुण राखून ठेवल्याशिवाय विद्यार्थी ते मनावर घेणार नाहीत. डेन्मार्कमधील आलबोर्ग विद्यापीठ १९७४ पासून गटाने सोडवायच्या समस्यांभोवतीच अभ्यासक्रम उभारते. तेव्हा मूल्यमापन बदलणे अशक्य नाही, मात्र त्यासाठी शिक्षकांना वेळ द्यावा लागतो.

प्रतिसाद ३:
गटाने काम करताना हत्यारे कोणाच्या हाती जातात आणि अहवाल लिहिणे कोणाच्या वाट्याला येते, हेही पाहावे. माझ्या प्रयोगशाळेत मुलींकडे वारंवार लेखन येत असे; दर आठवड्याला कामे आळीपाळीने देणे सक्तीचे केल्यावरच ते थांबले.

मूळ प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढील बैठकीत यंत्ररचनेच्या प्रश्नपत्रिकेत वीसपैकी पाच गुण गृहीतकांच्या समर्थनासाठी राखावेत, असा प्रस्ताव मी मांडणार आहे.