कॉन्फरन्सवाल्यांना गोव्यात आणायचा खर्च कोणाच्या खिशातून?

मांडवीकाठ:
माझा पुण्याचा चुलतभाऊ औषध कंपनीत आहे, त्याने परवा विचारलं, गोव्यात ४०० डॉक्टरांची कॉन्फरन्स करायची तर पहिला फोन कोणाला लावू? मला नीट सांगता आलं नाही, हॉटेलला लाव, इव्हेंटवाल्याला लाव, पर्यटन खात्याला लाव असं काहीतरी बोललो. मोठ्या शहरांत या कामाला एक वेगळं ऑफिस असतं, कन्व्हेन्शन ब्युरो. व्हिएन्नाचा ब्युरो १९६९ पासून चालू आहे, तो तिथल्या पर्यटन मंडळाचाच विभाग आहे आणि पैसे शहर आणि व्यापारी चेंबर मिळून देतात. लास वेगासमध्ये हॉटेलच्या खोलीवर कर बसतो, त्यातून प्रचारही चालतो आणि कन्व्हेन्शन सेंटरही. आपल्याकडे ब्युरोची चर्चा होत राहते पण पैसे कोण देणार यावर कोणी बोलत नाही. माझं मत असं की हॉटेलांनी दर खोलीमागे ठरावीक वर्गणी द्यावी आणि सरकारने तेवढीच घालावी.

नऊ_खोल्या (कळंगुट):
मांडवीकाठ दादा, मला हे अजिबात पटत नाही. कॉन्फरन्सचा पाहुणा मोपा विमानतळावर उतरतो, बसमध्ये बसतो, बाणावलीच्या नाहीतर बांबोळीच्या मोठ्या हॉटेलात जातो, तिथेच खातो, तिथेच झोपतो आणि तिसऱ्या दिवशी परत मोपा. माझ्या गेस्ट हाऊसमध्ये त्यातला एकही आजवर आलेला नाही आणि मी १४ वर्षं हा धंदा करतोय. मग माझ्या कराचे पैसे त्यांच्या जाहिरातीत का जावे? पाणी आमच्या गावचं, कचरा आमच्या गावचा, उन्हाळ्यात टँकर मागवतो तो आम्ही. हॉटेलवाल्यांना हवंय ना, मग पूर्ण खर्च त्यांनीच करावा.

ताळेबंद (मडगाव):
दोघंही जीएसटी विसरताय. पूर्वी गोव्याचा स्वतःचा हॉटेलांवरच्या लक्झरी टॅक्सचा कायदा होता, १९८८ चा, १ जुलै २०१७ ला तो जीएसटीत विरला. म्हणजे वेगाससारखा खोलीवर वेगळा कर बसवणं आता राज्याच्या हातात तितकं सोपं राहिलेलं नाही, महापालिकेचं तर सोडूनच द्या, म्हणून वर्गणी म्हटली की ती ऐच्छिकच होणार आणि ऐच्छिक वर्गणी पहिल्या मंद सीझनला आटते. दुसरं म्हणजे साडेसात हजारांच्या वरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यातला अर्धा राज्याचा. मग सरकारने वेगळा पैसा शोधायचाच कशाला, त्याच ९ टक्क्यांतला ठरावीक वाटा ब्युरोला लावून द्यावा, पण वर्षाचा हिशेब जाहीर झालाच पाहिजे.
आणि कंपन्यांचं खरं दुखणं वेगळंच आहे. पुण्याची कंपनी इथे मीटिंग घेते तेव्हा हॉटेल गोव्याचं म्हणून कर गोव्याचाच लागतो, कंपनीची नोंदणी गोव्यात नसेल तर तिला त्या कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो आपल्या जीएसटीतून वजा करता येत नाही. हे बदलायला जीएसटी कौन्सिलमध्येच जावं लागेल, कितीही ब्रोशर छापले तरी तो खर्च कमी होत नाही.

सासष्टीकर:
मुळात "शहर" कुठलं ते आधी ठरवा. पणजी महापालिका २०११ च्या जनगणनेत जेमतेम ४० हजारांची. मोठे हॉल असलेली रिसॉर्ट बाणावली, आरोशी अशा पंचायतींत. २०१६ ची ब्रिक्स परिषद बाणावलीला झाली, २०२४ चा इंडिया एनर्जी वीक बेतुलला ओएनजीसीच्या संस्थेत. म्हणजे ब्युरो एकट्या पणजीचा करून उपयोग नाही, तो सगळ्या गोव्याचा हवा आणि पंचायतींना त्यात वाटा हवा, कारण बसगाड्या त्यांच्याच रस्त्यांवरून जातात. वेगासचं उदाहरण दिलंत ना, तिथे खोलीकरातला भाग शाळांनाही जातो. इथे पंचायतीला काय मिळतं ते सांगा.

बांबोळी_वॉर्ड:
मी डॉक्टर आहे. आमच्या संघटनेची राष्ट्रीय परिषद गोव्यात आणायला तीन वर्षं आधीपासून बोली लावावी लागली, म्हणजे हॉलचे नकाशे, खोल्यांचे दर, विमानांची यादी असं सगळं बाड करून समितीसमोर मांडायचं. हे सगळं मी आणि दोन सहकाऱ्यांनी ओपीडी संपवून रात्री केलं, हॉटेलांना फोनही आम्हीच लावले, एकाने दर सांगितला आणि महिन्याने बदलला. आमच्यासमोर हैदराबाद होतं, २००६ पासून तिथे एचआयसीसी हे मोठं परिषद केंद्र आहे आणि मदतीला शहराचा ब्युरो. आम्ही हरलो. नऊ_खोल्या भाऊ, तुमचा राग मला समजतो, पण ब्युरो म्हणजे जाहिरात नव्हे, हे असलं कंटाळवाणं काम करणारी चार माणसं म्हणजे ब्युरो. त्यांच्या पगाराला सरकारी पैसा लागला तर मला वाईट वाटणार नाही, इफ्फीवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवावर, २००४ पासून खर्च करतोच की.

मांडवीकाठ:
ताळेबंद यांचा मुद्दा मान्य, नुसत्या वर्गणीवर टिकणार नाही. मग असं करूया, पाया राज्याच्या जीएसटी वाट्यातून, वर हॉटेलांची वर्गणी, आणि मंडळावर पंचायतीचा माणूस. पण माझा हट्ट एकच आहे, पैसा जून ते सप्टेंबरच्या परिषदांवर जास्त घालावा. डिसेंबरात गोवा आपोआप भरतो, तेव्हा आणखी माणसं बोलावून रस्ते तुंबवायचे कशाला. पावसात डॉक्टर आले, इंजिनियर आले तर वेटरला, ड्रायव्हरला आणि भाजीवाल्या बाईला बारा महिने काम राहील.

नऊ_खोल्या (कळंगुट):
पावसाचं बोललात म्हणून परत लिहितोय. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे काम करणारी दोघं गावी जातात कारण पगार द्यायला माझ्याकडे काही नसतं. त्या महिन्यांत चार खोल्या जरी लागल्या तरी मी खोलीमागे वर्गणी द्यायला तयार आहे. फक्त परिषदेवाल्यांना देतात त्या राहण्याच्या यादीत छोटी गेस्ट हाऊस असणार, असं आधी कागदावर येऊ दे. आणि बस बाणावलीहून कळंगुटला येणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून पणजीच्या हॉलमधल्या परिषदांपासून सुरुवात करा, तिथून आम्ही १५ किलोमीटरवर आहोत.