प्रोइन्सुलिन (ज्यातून कापून इन्सुलिन बनतं ते प्रथिन) रिफोल्डिंगला, म्हणजे पुन्हा नीट घडी पडायला, लावलं की चोथा का बसतो?

खेडची: ई. कोलाय बीएल21 (जिवाणूचा वाण), 37 अंशांवर 4 तास इंडक्शन (त्याला प्रथिन बनवायला लावणं). जेलवर प्रोइन्सुलिनचा पट्टा जाडजूड, पण सगळं इन्क्लुजन बॉडीत (पेशीतले न विरघळणारे गोळे). 8 मोलर युरिया आणि डीटीटीत (गंधकाचे बंध सोडवणारं रसायन) विरघळतं. युरिया काढायला डायलिसिस (पातळ पडद्याच्या पिशवीतून धुणं) लावलं की सकाळी पिशवीत पांढरा चोथा. आयपीटीजी (इंडक्शनचं रसायन) कमी करून बघू का?

मालवणी रेणू: आयपीटीजीच्या मागे लागू नका. ई. कोलायच्या पेशीरसात डायसल्फाइड बंध (दोन सिस्टीनमधले गंधकाचे) नीट जुळतच नाहीत, आणि एवढंसं प्रथिन मोकळं राहिलं तर प्रोटीएज (प्रथिन तोडणारी विकरं) ते फस्त करतात. गोळा होऊन बसलंय ते बरंच.

घोळ डायलिसिसमध्ये आहे. युरिया उतरत जातो, प्रथिन मात्र तितकंच दाट राहतं आणि अर्धवट घडी पडलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटतात. सहा सिस्टीनच्या जोड्या 15 प्रकारे लागू शकतात. खरी एकच: ए6–ए11, ए7–बी7, ए20–बी19 (ए आणि बी या इन्सुलिनच्या दोन साखळ्या, आकडा म्हणजे साखळीतली जागा). म्हणून 4 अंशांवरच्या, पीएच 10 च्या आसपासच्या बफरमध्ये, ढवळत ढवळत, थेंबथेंब प्रथिन सोडा. उलटं, म्हणजे प्रथिनावर बफर, ओतू नका. शेवटी 0.1 ते 0.5 मिग्रॅ/मिली राहू दे. चुकीचे बंध सुटून खरे जुळायला रिड्यूस्ड आणि ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन दोन्ही हवेत. डीटीटी जास्त राहिलं तर जुळलेले बंधही सुटतात. युरिया त्याच दिवशी बनवलेला घ्या आणि तापवू नका, नाहीतर सायनेट होऊन प्रथिनातल्या लायसिनला चिकटतं.

पावसात वीज गेली तर मासळीवाल्यांची थर्माकोलची पेटी आणि बर्फाचं पाणी रात्र काढतं. बफरला मात्र डिस्टिल्ड पाणीच. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असू शकतं, ते सिस्टीनचं ऑक्सिडेशन भलतीकडे नेतं. 1 मिलिमोलर ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं) घाला.

गुहागरकर: एक राहिलं. नंतर आम्ल घालताना पीएच 5.3 च्या आसपास रेंगाळलात तर पुन्हा चोथा. तो इन्सुलिनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, म्हणजे जिथे एकूण विद्युतभार शून्य होतो. दुधात कोकमाचं आगळ पडल्यावर होतं तेच.

खेडची: आणि दोन साखळ्यांमधला तुकडा कापायला ट्रिप्सिन किती?

मालवणी रेणू: वजनाने 1:1000 पासून सुरू करा, दर 10 मिनिटांनी नमुना काढून पीएच 3 ला थांबवा. जास्त वेळ ठेवलंत तर बी29 च्या लायसिननंतरही कापतं आणि बी30 चं थ्रिओनिन जातं. बी साखळीच्या टोकाला उरलेले दोन आर्जिनिन कार्बोक्सीपेप्टिडेज बी काढतं.

गुहागरकर: 1978 मध्ये जेनेनटेक कंपनीने दोन्ही साखळ्या वेगळ्या बनवून सायनोजेन ब्रोमाइडने (मेथिओनिनपाशी कापणारं रसायन) सोडवल्या, इन्सुलिनात मेथिओनिन नाही म्हणून जमलं. कॉलेजच्या लॅबमध्ये ते विष नको.